देवस्थळीकाकांची सही

रविकांत देवस्थळींनी सही केली, म्हणून आम्ही अकरा घरांनी केली. याहून वेगळं कारण आमच्याकडे नव्हतं. कॅनडातल्या वॉटर्लूत सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारी आम्ही शहाणी माणसं, पण विजेचा करार उलटून पाहायची तसदी एकानंही घेतली नाही. काका हो म्हणाले, विषय संपला.

काकांचा अधिकारच तसा होता. भारतात वीज मंडळात बारा वर्षं काढली, मग इथं शेजारच्या केंब्रिज गावात कारखान्यात विजेची देखभाल करून निवृत्त झाले. कुणाच्या बेसमेंटमधला दिवा लुकलुकला की काकांना फोन जायचा. टेस्टर खिशात घालून ते यायचे, आधी आमची अक्कल काढायचे, मग काम करायचे. जयंतीकाकू गेल्यानंतर त्यांचे दिवस या फोनांवरच निघत होते. लोकांनी विचारायचं बंद केलं तर या माणसानं करायचं काय, हे आम्हा सगळ्यांच्या मनात यायचं. बोलायचं मात्र कुणी नाही.

२००६च्या हिवाळ्यात त्यांच्या दारात एका वीज कंपनीचा विक्रेता आला. हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल दाखवा, म्हणाला. काकांनी त्याला थंडीत उभं ठेवलं नाही. आत बोलावलं, पोहे दिले, वर वीज मंडळातले किस्से ऐकवले. तो त्यांना ‘सर, सर’ करत राहिला. बाजार कितीही चढो, पाच वर्षं एकच दर, असा त्याचा करार होता. काकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, आणि तो बरोबरच होता. फक्त बाजार चढला नाही, उतरला. शिवाय करारवाल्यांच्या बिलात खाली आणखी एक आकार दर महिन्याला यायला लागला. तो कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेला होता.

दोन वर्षांत आमचं बिल शेजाऱ्याच्या दीडपट झालं. मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, तीन जणांना तेच ते सांगितलं, तेव्हा कळलं की दंड भरल्याशिवाय सुटका नाही. दातओठ खात भरला. नंतर अकरा घरांतल्याच नंदनला हळूच विचारलं, तर त्यानं माझ्याआधीच भरलेला.

“काकांना कळू देऊ नका,” माझी बायको सुमेधा म्हणाली. “आधीच एकटे आहेत, त्यात हे गिल्ट कशाला?”

एकेक करत अकराही घरं बाहेर पडली. काकांसमोर बिलाचा विषय निघाला की कुणीतरी विंटर टायर्सचा काढायचं. आम्हाला आमच्या चांगुलपणाचं जरा कौतुकच होतं.

२०११च्या नोव्हेंबरमध्ये एका रविवारी काका आमच्याकडे आले. पिशवीत अकरा पत्रं, प्रत्येकाच्या नावानं टाइप केलेली.

“करार संपतोय. आपण गप्प बसलो तर आपोआप रिन्यू होणार, असं कंपनीचं लेटर आलंय. माझ्यामुळे अडकलात, मीच सोडवतो. सही कर. आणि बिल आण, अकाउंट नंबर घालायचाय.”

“बिल कुठंतरी ठेवलंय, काका. ईमेल करतो तुम्हाला.”

“इट्स ऑन द फ्रिज, बाबा,” आमची नऊ वर्षांची केया म्हणाली आणि तिनं ते आणून त्यांच्या हातात दिलं.

काकांना बिल समजावून सांगायची गरज नव्हती. करारवाल्या कंपनीचं नाव त्यावर कुठंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

“कधी सोडलंस?”

“दोन हजार आठला.”

“बाकीचे?”

सुमेधानं सांगितलं, “सगळ्यांनीच, काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

काकांनी बिल घडी घालून केयाला परत दिलं. मग म्हणाले, “दंड भरून सुटता येतं, हे मलाही तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही सगळे माझ्या शब्दावर अडकलेले. मी एकट्यानंच कसं सुटायचं? म्हणून राहिलो. तीन विंटर विजेचं हीटिंग साठ-बासष्ट फॅरनहाइटवर ठेवून स्वेटर घालून झोपतोय.”

आवाजात राग नव्हता. मला शरम वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. बर्फातून आल्यावर बोटं असतात, तसा सगळाच बधिर होऊन बसलो. सुमेधा उठून किचनमध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

काकांनी पत्रं पिशवीत भरली, बूट घातले. दारात थांबून म्हणाले,

“मला कळलंय हे बाकीच्यांना सांगू नकोस. उगाच वाईट वाटेल त्यांना.”