रेयोच्या मयताची कॉफी

आमच्या हेलेवीच्या नवऱ्याचं, रेयोचं, मर्तिक कधी झालंच नाही. कागद गिरणीत लगद्याची टाकी साफ करायला तो आत उतरला होता, आणि कुणीतरी न बघता लगदा सोडला. हाती काही लागलं नाही. त्या लगद्याचा कागद करायला एकही कामगार तयार होईना, तेव्हा साहेबांनी अख्खी टाकी तळ्यात ओतली.

तेव्हापासून तळ्याच्या त्या कोपऱ्यात बर्फ धड जमत नाही, खालून बुडबुडे येतात. कुजणाऱ्या लाकडाचा वायू तो, शाळेतली पोरंही सांगतील. पण हेलेवी काठावर बसून त्यांच्याशी बोलायची. मी तिची शेजारीण, गिरणीच्या खानावळीत जन्म काढलेली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी त्या वाटेनं मी एकटी जात नाही.

गिरणी बंद पडली. मग विद्यापीठानं ती घेतली आणि लाकडापासून कापड, इंधन अन् काय काय बनवायचं संशोधन केंद्र तिथं थाटलं. तळ्याखालचा जुना लगदाही त्यांना हवा होता.

"कचऱ्याचं सोनं करू आपण," ईरो नावाचा तरुण संशोधक गावसभेत म्हणाला.

हेलेवी उठली. "माझ्या माणसाला हात लावायचा नाही."

पण तिथं कुणाला पुरल्याची नोंद नव्हती, म्हणून काम ठरलंच. असा संताप आला मला!

उपसा सुरू झाला त्या सकाळी हेलेवी काळा पोशाख घालून काठावर हजर. मागोमाग मी, कॉफीची किटली, वेलदोड्याचा गोड पाव आणि केक घेऊन.

ईरो खूश. "वा हेलेवी, राग गेला म्हणायचा! उद्घाटनाचा केक का?"

"मर्तिकाचा," मी म्हणाले. "गिळ आता."

त्यानं बशी खाली ठेवली. हेलेवीनंच ती उचलून परत त्याच्या हातात दिली. "खा रे. मयताची कॉफी नाकारू नये. पुरल्यावर सगळ्यांना पाजायची असते ती. तो सापडला नव्हता, म्हणून इतकी वर्षं कुणाला पाजता आली नाही."

पहिला डबा वर आला, काळ्या गाळानं भरलेला. प्रयोगशाळेत न्यायचा म्हणून ईरो झाकण शोधू लागला. हेलेवीनं त्याचं मनगट धरलं.

"बंद नको करू, पोरा. बंद जागेत त्याचा जीव घाबरा होतो."

ईरोनं झाकण शोधायचं सोडलं. उघडा डबा छातीशी धरून तो हळूहळू गिरणीकडे चालू लागला, आणि उपसा बघायला जमलेले आम्ही सगळे त्याच्या मागून. वासानं डोकं भणभणत होतं. नाक मात्र कुणी दाबलं नाही.