वरवंट्यावरचा फोन

साल अठ्ठावन्न, श्रावणातला रविवार, दुपार. हजर: आबा, आई, ताराआत्या आणि मी, वय वर्षे नऊ. काळाचौकीच्या चाळीतल्या आमच्या एकाच खोलीत कोपऱ्यात नुसतं बसलेलं माणूसही हजरच धरावं लागे, म्हणून मीही... पाट्यावरचा वरवंटा धुऊन-पुसून आत्यानं कानाला लावला होता आणि कितीही धुतला तरी न सुटणारा त्याचा ओल्या खोबऱ्याचा, लसणीचा वास घेत ती कुणा न दिसणाऱ्या साहेबाला सांगत होती, "होल्ड द लाइन, प्लीज."

"वन्सं, जपून," स्टोव्हला पंप मारत आई म्हणाली. "साहेबाचं झालं की वाटण वाटायचंय."

आत्या, आबांची धाकटी बहीण, मॅट्रिक झाली होती. फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर हवी होती, आणि गावाहून आजीचा निरोप पक्का होता: गणपतीपर्यंत नोकरी लागली नाही तर तारा गावीच राहील, स्थळ बघून ठेवलंय. आत्याला इंग्रजी शब्द पाठ होते. त्यांच्या वस्तूंशी मात्र ओळख नव्हती. ती ओळख आम्ही चाळीतच करून घेतली. एंगेज्ड म्हणजे नळाखाली आधीच कुणाची तरी बादली असणं. एक्स्टेन्शन म्हणजे चाळ तीच, खोली वेगळी. ट्रंक कॉल म्हणजे थेट गावाला मारलेली हाक. जिन्यातला दिवा गेला की फ्यूज, आला की स्विच... असे ते शब्द राखुंडी आणि रॉकेलच्या वासासकट माझ्या जिभेवर बसले, ते अजून तसेच आहेत.

पहिल्या परीक्षेत आत्या शब्दांत चुकली नाही; आवाजात चुकली. आबा गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले, त्यामुळे आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागत. आत्यानं तसंच "गुड मॉर्निंग" म्हटलं, तेव्हा पलीकडच्या साहेबानं म्हणे फोन कानापासून हातभर लांब धरला. आठवड्यानं परत या, म्हणाले.

त्या रविवारी आबांनी तिला समोर बसवलं.

"साचेखात्यात आम्ही ओरडतो काय गो? तिथं ओरडून कोणाला ऐकू येतंय? ओठ बघतो. तू हळू बोल. मला कळलं, तर साहेबाला कळलं."

मग ती कुजबुजू लागली, आणि अक्षर न शिकलेले आबा तिच्या ओठांवरून एकेक शब्द उचलून मोठ्यानं परत देऊ लागले. राँग नंबर... नो रिप्लाय... ट्राय अगेन... बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या संध्याकाळच्या सभेसाठी पोरं घोषणा घोकत होती. शेजारचे भाऊकाका दारात थबकले.

"काय आबा? खाली मराठी राज्य मागायचं आणि वर इंग्रजी?"

"राज्य मिळाल्यावर फोन कोण जोडणार? तू?" आबा म्हणाले, आणि आत्याकडे वळले. "चल, पुढचा."

सोमवारी संध्याकाळी आम्ही दारातच उभे होतो. आत्या जिना चढून गॅलरीच्या टोकाला आली, तिथंच थांबली आणि नुसते ओठ हलवले. मला काहीच समजलं नाही. आबा आत वळून आईला म्हणाले, "लागली."

आत्यानं टेलिफोनच्या बोर्डावर अख्खी उमर काढली. तिचा आवाज पुढे इतका मऊ झाला की चाळीतल्या बायका म्हणत, तारा आता जवळ येऊन बोलते. "इराण्याच्या हॉटेलातून एकदा तुझ्या बोर्डावर फोन करीन," असं आबा तिला दर दिवाळीला सांगत, आणि तीही दर दिवाळीला विचारी, "कधी करताय, दादा?" तारेतून ओठ दिसत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आबा गेले. आत्या रिटायर होऊन आता माझ्याकडे असते. फोन वाजला की अजून पदर सारखा करून उचलते. मी रोज सकाळी कामं लिहून काढते आणि रात्रीपर्यंत खोडते — गॅसचा नंबर, आत्याचा चष्मा, नळाचा वॉशर. सगळी होतात. आबांचा फोन तेवढा बाकी आहे.