सकाळी साडेनऊच्या बाई

मोजणीताईला माणसं मोजायचं वेड जन्मजात नव्हतं, पोटासाठी लागलं. बाविसाव्या वर्षी ती एका मोठ्या कापडदुकानाच्या दारात स्टुलावर बसली. हातात लोखंडी खटका, माणूस आत आला की दाबायचा. नऊ वर्षं तिने अंगठा झिजवला. मॅनेजरला आकडा फुगलेला हवा असायचा. सिगारेट ओढायला बाहेर गेलेला माणूस परत आला की तो लांबूनच डोळ्यांनी खुणावायचा, दाबा. ताई दाबायची नाही. "तो मघाचाच आहे," म्हणायची. माणूस धूर सोडून आला म्हणून नवा होत नाही, एवढं साधं तत्त्वज्ञान होतं तिचं. तिच्या कामात खोट काढायला मॅनेजरला एकच जागा सापडली. आठवड्यातून दोनदा तरी ती उशिरा यायची, कारण अर्ध्या वाटेवर तिला शंका यायची की घरचा गॅस चालू राहिला, आणि ती उलट पावली घरी जायची. गॅस कायम बंदच असायचा.

पुढे दारावर माणसं मोजणारं यंत्र बसलं. ते बाबागाडीलाही माणूस समजायचं, त्यामुळे मॅनेजरचं आणि त्याचं छान जमलं. ताई घरी बसली, कंप्युटर शिकली, आणि चाळिशीत वेबसाइटवर येणारी माणसं मोजायला लागली. काम तेच, फक्त आता माणसं दिसत नव्हती.

कंपनी शिलाई मशीनची. तिच्या तीन वेबसाइट, तीन वेगळ्या नावांच्या. पहिली मुख्य. तिच्यावर साहेबांचा फोटो आणि त्याखाली साहेबांचा संदेश, जो साहेब सोडून कुणी वाचल्याचा पुरावा नव्हता. दुसरी दुकानाची, जिथे मशीन विकत मिळायचं. तिसरी सल्ल्याची. मशीन अडलं, खडखडलं, दोरा तोडायला लागलं तर काय करायचं, ते तिथे लिहिलेलं असायचं. ही तिसरी वेबसाइट एकटा माणूस चालवायचा, तो म्हणजे ताईचा थोरला भाऊ. सगळे त्याला दादा म्हणायचे, ताईही म्हणायची, म्हणजे बोलत होती तेव्हा.

दादाने तीस वर्षं कंपनीत मशीनं दुरुस्त केली. उचलाउचलीत पाठ गेली. मग साहेबांनी, म्हाताऱ्या कुत्र्याला पोतं टाकावं तसं, त्याला हे सल्ल्याचं काम दिलं. घरी पलंगावर आडवं पडून तो रोज एक पान लिहायचा. त्याच पाठीसाठी तो हॉस्पिटलात होता, तेव्हा ताईने घर आवरताना आईचं जुनं शिलाई मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. तिला वाटलं, लोखंडाचा अडथळा गेला. दादा घरी आला, रिकामा कोपरा पाहिला, आणि म्हणाला, "मी ते दुरुस्त करणार होतो." ती म्हणाली, "वीस वर्षं करणारच होतास." झालं. त्या दिवसापासून अबोला, सहा वर्षं. ताई दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली. दोघंही एकाच आईची, त्यामुळे आधी फोन करण्याइतकं शहाणपण कुणालाच आलं नाही.

पण रोज सकाळी साडेनऊला, ऑफिसात पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, ताई दादाचं एखादं पान उघडायची आणि लगेच बंद करायची. दादाला त्याच्या कंप्युटरवर एक छोटा तक्ता दिसायचा, आज किती जण आले, कधी आले, किती वेळ थांबले. त्यात निदान शून्य दिसू नये, एवढीच तिची इच्छा. वाचायची मात्र नाही. दादाची पानं लांबलचक आणि तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. सिगारेटवाल्याला दोनदा न मोजणाऱ्या बाईची आयुष्यातली ही एकुलती एक लबाडी, आणि ती तिने सहा वर्षं बिनबोभाट चालवली.

आणि एका सोमवारी साहेबांनी जाहीर केलं की महिनाअखेर सल्ल्याची वेबसाइट बंद.

"तिथे येणारा एकही माणूस मशीन घेत नाही," साहेब म्हणाले. "घेतं ते गिऱ्हाईक येतं बँकेकडून. रिपोर्टच सांगतो."

रिपोर्ट खरोखरच तसं सांगत होता. विकलेल्या दर दहा मशीनमागे आठ गिऱ्हाइकं बँकेच्या वेबसाइटवरून आली, असं त्यात लिहिलेलं असायचं. साहेबांनी त्याबद्दल बँकेच्या मॅनेजरला पुष्पगुच्छही पाठवला होता. मॅनेजरने तो का आला हे न कळूनही आभाराचं पत्र पाठवलं, आणि ते साहेबांच्या केबिनमध्ये चौकटीत लागलं.

वेबसाइट गेली की दादाचं काम गेलं. आडव्या पडलेल्या साठीच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? ताईने त्या दिवशी चहा घेतला नाही. ती कोड उघडून बसली.

आत सगळा आनंद होता. माणसं मोजणारा ट्रॅकिंग कोड तीन वेबसाइटवर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वर्षी टाकला होता, आणि तिघेही निघून गेले होते. एका कोडला दुसऱ्याचा पत्ता नाही. माणूस सल्ल्याच्या पानावर आला की त्याला एक बिल्ला मिळायचा. तिथून लिंकने दुकानात गेला की दारातच तो बिल्ला काढून घेऊन नवा द्यायचे. मुख्य वेबसाइटवर डोकावला की तिसरा. एकाच माणसाची तीन माणसं. पैसे भरायला तो बँकेच्या पानावर जाऊन परत आला की पुन्हा चौथा, आणि हा म्हणे बँकेकडून आला. भरीला भर म्हणून दुकानाच्या वेबसाइटवर कुणीतरी कोड दोनदा चिकटवला होता. कापडदुकानाचा मॅनेजर हे पाहून आनंदाने रडला असता.

ताईने तिन्हीकडचं जुनं उपटलं आणि एकच कोड सगळीकडे बसवला. तिन्ही वेबसाइट एकाच घरातल्या आहेत हे त्याला यादी देऊन समजावलं. एकीकडून दुसरीकडे जाताना लिंकसोबत बिल्लाही जाईल अशी सोय केली. बँकेहून परतणारा मघाचाच आहे हेही सांगून टाकलं. मग स्वतःच्या मोबाइलवरून सल्ल्याच्या पानावर गेली, तिथून दुकानात, तिथून मुख्य वेबसाइटवर. स्क्रीनवर एकच माणूस दिसला. तिला फार बरं वाटलं.

राहिली एक ओळ. ऑफिसातल्या माणसांच्या भेटी मोजू नयेत, ही ती ओळ. ती घालणं भागच होतं, कारण साहेब स्वतःचा फोटो बघायला दिवसाला चाळीसदा मुख्य वेबसाइट उघडायचे. पण त्या ओळीने साहेबांबरोबर ताईही गळणार होती. जुन्या आकड्यांवर आता भरवसा उरला नव्हता. दादाकडे येणारी ती एकटीच असेल तर? मग तिच्याच हाताने तक्त्यात शून्य येणार, आणि साहेबांच्या हातात कोलीत. शेवटी, तो मघाचाच आहे, असं स्वतःशी पुटपुटून तिने ती ओळ टाकली.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. महिन्याला नव्वद हजार येणारी माणसं नव्या मोजणीत एकतीस हजारांवर आली होती.

"बाकीची गेली कुठे?" साहेब ओरडले.

"नव्हतीच, साहेब. एकाची तीन-तीन झाली होती. बरीचशी तुम्हीच होतात."

खोलीत सगळ्यांनी एकदम पाणी प्यायला सुरुवात केली.

"आणि बँक?"

"बँकेचा काही संबंध नाही. मशीन घेणाऱ्या दहांपैकी सहा जण आधी सल्ल्याच्या वेबसाइटवर येतात. तिथून दुकानात जातात."

साहेबांनी चौकटीतल्या पत्राच्या दिशेने पाहिलं. विक्रीप्रमुख मात्र तयारीनेच आला होता. ती वेबसाइट बंद झाली तर तिचा खर्च त्याच्या जाहिरातींना मिळणार होता. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, सल्लेवाले तुमचे सख्खे भाऊ ना?"

"सख्खे आहेत. सहा वर्षं आम्ही बोलत नाही."

"असेल. पण आकडे तुमचेच."

ताईचे कान तापले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आयुष्यभर मॅनेजरच्या खुणांना भीक घातली नाही, आणि आता हा माणूस तिला सांगणार! पण तिला सकाळचे साडेनऊ आठवले आणि तिने नुसता रिपोर्ट साहेबांपुढे सरकवला.

साहेब रिपोर्टची पानं चाळत होते. एका जागी थांबले. "हे काय? माझा संदेश लोक दुसऱ्या ओळीपर्यंत वाचतात. आणि दोऱ्याच्या गुंत्याचं पान दहातले नऊ जण शेवटपर्यंत? शेवटी असं आहे काय?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

"बघूच की," विक्रीप्रमुख म्हणाला. त्याला बहुतेक काहीतरी भानगड सापडेल असं वाटलं. त्याने ते पान भिंतीवरच्या पडद्यावर घेतलं. खालचा दोरा गुंतला तर काय करावं, चौदा चित्रांसहित. तो खाली खाली जात राहिला. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. त्याने त्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली, नाटकी आवाजात.

"सकाळी साडेनऊच्या बाईंना. आज बारा दिवस झाले, आला नाहीत. बऱ्या आहात ना? तुम्ही पान वाचत नाही हे मला ठाऊक आहे, आठ सेकंदांत कोण वाचतं. पण येत जा."

शेवटच्या दोन वाक्यांना त्याचा नाटकी आवाज कुठेतरी गळून पडला होता.

साहेबांनी त्याच्या हातून माउस घेतला आणि दुसरं पान उघडलं. खाली: "साडेनऊच्या बाई, शनिवार-रविवार येत नाही, म्हणजे ऑफिसातूनच येता. चला, नोकरी टिकली आहे." तिसरं: "गुडघ्याला तेल लावता का?" चौथं, पाचवं, दहावं. सहा वर्षांची पानं, प्रत्येकाखाली एक निरोप. बहुतेकांत एकच प्रश्न: "गॅस बंद केलात ना?"

त्याखाली वाचणाऱ्यांची पत्रं. कुठल्याशा शिंपिणीने लिहिलं होतं, दोरा सुटला, आभार, पण बाईंनी गॅस बंद केला का ते कळवा, आमच्याकडे रोज पैज लागते. एका आजोबांनी विचारलं होतं, बाई सापडल्या का? आम्हाला चैन नाही. नवं मशीन घ्यायचंय, पण आधी बाईंचं कळू दे.

"ही साडेनऊची बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रडणारा माणूस मोजायला काही कोड लागत नाही.

"वेबसाइट चालू राहील," साहेब म्हणाले. मग जरा थांबून, "आणि माझ्या संदेशाखालीही असं काहीतरी गॅसचं टाकता येईल का, बघा."

ताई तोवर बाहेरच्या जिन्यात पोचली होती. नंबर पाठ होता. घंटा दोनदा वाजली.

"कोण?" दादाचा आवाज बराच म्हातारा झाला होता.

"साडेनऊची बाई."

पलीकडे पलंग करकरला. तो उठून बसत असावा, म्हणजे पाठ दुखत असणार.

"पंधरा दिवस कुठे होतीस?"

"येत होते रे. रोज येत होते. मीच मला मोजायचं बंद केलं होतं." मग तिला राहवेना. "दादा, मशीन द्यायला नको होतं मी."

"जाऊ दे," तो म्हणाला. "लोखंडच ते." मग त्यानेच विचारलं, "गॅस बंद केलास का?"

"केला," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "थांब. बघून येते. तिथून तुझ्याकडेच येते."