काकांचं अख्खं ऑफिस

कोपरीच्या आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या काकांइतका थंड डोक्याचा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतोय. डिसेंबरातही अंघोळ गार पाण्यानं, चहा कोमट आणि डोक्यावर कायम ओला पंचा. दारात कुणी उभं राहिलं की ओरडत, "वारा अडवू नकोस रे, माझे पाय त्याच्यावर चालतात!"

काकांच्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाहीत. सुरुवातीला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाय लटपटतात म्हटल्यावर घराघरांतून शेक, निर्गुडीचा पाला आणि सल्ले आले. दिवाळीच्या पहाटे काकूंनी प्रेमानं तेल चोळून कढत पाणी घातलं आणि काका मोरीतून उठेचनात. आम्ही दोघातिघांनी उचलून बाहेर आणलं. उष्णतेनं हा त्रास वाढतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. काकू कितीतरी दिवस बंबाकडे बघून रडायच्या.

काका मात्र भलत्याच गोष्टीवर खूश होते. परदेशातल्या नव्या तपासण्यांत म्हणे दिसलं होतं, की असा रुग्ण नुसतं बोट हलवतो तेव्हाही त्याच्या मेंदूचे जास्त भाग कामाला लागतात, रक्त तिकडे धाव घेतं. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून काका शर्टाचं बटण लावतानाही ऐटीत असायचे. मला म्हणायचे, "तुझ्या बोटाला एक कारकून पुरतो. माझ्यासाठी अख्खं ऑफिस उभं राहतं!"

मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही ऐन मे महिन्यात. कन्यादान स्वतःच्या हातांनीच करणार, हा काकांचा हट्ट. उकाड्यात हात साथ देतील का, या काळजीनं काकूंची झोप उडाली. शेवटी मासे विकणाऱ्या मावशीनं बर्फाची लादी पाठवली. काका खुर्चीत, पाय बर्फाच्या घमेल्यात आणि मांडवभर बोंबलाचा वास.

गुरुजी कुरकुरले, "हे शास्त्रात नाही हो."

"नसू दे," काकू म्हणाल्या. "ओंजळ त्यांना धरायचीय."

काकूंनी पाण्याची धार सोडली. काकांचे हात थरथरले. पण हळूहळू बोटं मिटली आणि लेकीच्या हाताभोवती मिटलेलीच राहिली.

"अहो, सोडा आता," काकू हळूच म्हणाल्या.

"थांब गं," काका म्हणाले. "धरायला अख्खं ऑफिस आलं होतं. सोडायला कुणी उठतच नाहीये."

मांडव हसला. लेक हसली नाही. तिनं हात तसाच राहू दिला.