एकाच वायरची दोन टोकं

परीक्षा माझ्यामुळे बंद पडली. हे मला कळल्यावरही मी पाच दिवस कोणाला सांगितलं नाही, आणि त्या पाच दिवसांत एक बाई कामाशिवाय घरी बसून होती.

गोंदियातल्या एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचं नेटवर्क मी सांभाळतो. सगळ्या संगणकांच्या वायरी कोपऱ्यातल्या एका पेटीत येतात. तिला स्विच म्हणतात. त्या सकाळी ऑनलाइन पेपर अर्धा झाला आणि सगळे पडदे एकदम थिजले. चिचगडहून पहिल्या बसने आलेली एक मुलगी उभी राहून विचारू लागली, "सर, माझे उत्तरं गेले का?" मी स्विचकडे धावलो. सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मग दिसलं, एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचलेली. एका टोकातून गेलेला संदेश दुसऱ्यातून परत आत येत होता आणि गोल गोल फिरत वाढत होता. बाकी कशालाच वाट उरली नव्हती.

वायर उपसली, पण पेपर तोवर रद्द झाला होता.

"ही कोणी लावली?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

फरशी पुसणाऱ्या बाई दारातून पुढे आल्या. "मीच लावली जी. तुमीच त सांगतलं होतं, पुसताना वायर खाली लोंबू नोको देजो, जागेवर लावजो."

"जागेवर म्हणजे कुठेही?"

"मोकळं भोक दिसलं, लावली. मले का मालूम?"

लॅपटॉप जोडायला म्हणून एक टोक स्विचमध्ये ठेवून ती वायर मीच लोंबत सोडली होती. प्राचार्य म्हणाले, "अरे यार, हिला हात लावायला कोणी सांगितलं?" मी खाली बघत राहिलो. संध्याकाळी कंत्राटदाराने बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून कळवलं.

फेरपरीक्षा ठरली, म्हणून चार दिवसांनी मी स्विचच्या सेटिंग्ज उघडल्या. अशी वायर लागली की तेवढंच पोर्ट, म्हणजे वायरचं भोक, बंद करणारं संरक्षण, लूप प्रोटेक्शन, सगळ्या चोवीस पोर्टवर बंद. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा वाचलं. बंद. आणि ते कोणी केलं, हे आठवायला क्षणही लागला नाही. दिवाळीआधी स्टाफरूमचं पोर्ट सारखं आपोआप बंद पडत होतं, रोज तक्रारीचे फोन. कारण शोधायचं सोडून मी ते संरक्षणच सगळीकडून काढून टाकलं होतं. तात्पुरतं.

हे कळल्यावर पाच दिवसांनी मी मुर्रीला बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या.

"बाई, त्या पेटीत एक सोय असते," मी म्हणालो. "चुकीची वायर लागली तर तेवढंच भोक बंद होतं, बाकी सगळं चालू राहतं. ती सोय मीच बंद करून ठेवली होती."

सूप थांबलं. "म्हंजे मी वायर लावली तरी पेपर चालूच रायला असता?"

"हो."

"आन तुमी गप उभे होते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "इथं पोरी मले चिडवून राहिल्या. म्हणतात, काकू, आमच्या घरी नोको येजो, टीवी बंद पडन."

मी हात जोडले, तर त्यांनी थांबवलं. "माह्या अंगणात कायले? जिथं ओरडले, तिथं बोला."

प्राचार्यांना सगळं सांगितलं. "जाने दो, बात खतम झाली," ते म्हणाले. मी म्हणालो, "खतम नाही झाली, सर. त्यांचं काम गेलंय."  मग त्यांनी कंत्राटदाराला फोन लावून बाईंना परत कामावर बोलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्या दिवशी होत्या तिथेच. मुलं संगणकांवर सराव करत होती. सगळ्या पोर्टवर संरक्षण चालू केलेलं होतं. मी तीच वायर घेतली आणि दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली. एक दिवा विझला. बाकीचे चालू राहिले, एकाही मुलाने मान वर केली नाही. मग मीच सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि बाईंकडे वळलो.

"पेपर तुमच्यामुळे बंद पडला नव्हता, माझ्यामुळे पडला. वायर माझी होती, सांगणं माझं होतं आणि हे संरक्षणही मीच काढलं होतं. तरी मी तुमच्यावर ओरडलो, आणि तुमचं काम जात होतं तेव्हा गप्प बसलो. बाई, मला माफ करा."