जिवंत माणसाचा काळा-पांढरा बोर्ड

"खाली काढा ते! आत्ताच्या आत्ता खाली काढा! जिवंत हाय माझा लेक, जिवंत!"

रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या चौकात आमच्या कट्ट्याच्या संस्थापकाची आई ओरडत होती. आवाज असा, की टेंभुर्णीच्या फाट्यावरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न बंद करून कान दिला असेल. केस सुटलेले, डोळ्यांतून संतापाचं पाणी चाललेलं, एक चप्पल पायात, दुसरी हातात, आणि हातातली माझ्यावर रोखलेली. कारण बोर्ड माझ्या दुकानात छापला होता. वर, दोन खांबांच्या मधोमध, तिचा मुलगा मान खाली घालून लटकत होता. काळा-पांढरा. तीन मजले उंच. बरं, दोन म्हणा.

"मावशी, ते मिनिमल आहे," मी म्हणालो.

"तू हो की मिनिमल! माझ्या पोराला कशाला करतोस? करकंबची माणसं निघालीत रे! कुठल्याही क्षणी येतील!"

शिडी मांडववाल्याकडं, मांडववाला लग्नात. आणि खुद्द संस्थापक हॉलवर गाद्या मांडत होता, फोन बंद करून. फोन बंद ठेवणं हा कट्ट्याचा नियम.

तर हा कट्टा. दर महिन्याला एका रविवारी व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही डिझाइनवाले जमायचो. खाली डंबेल आदळायचे, वर आम्ही एकमेकांच्या कल्पना ऐकायचो. वजन कुठल्या मजल्यावर जास्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एक आर्किटेक्ट होता. त्याच्या हातून आजवर एकच कंपाउंडची भिंत पुरी झाली होती, पण तिच्या प्रवासावर तो इतक्या वेळा बोललेला, की तेवढ्यात चीनची बांधून झाली असती. चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना कशातही लय दिसायची, इडली-सांबारातसुद्धा. आणि माझ्यासारखे लग्नपत्रिका नि वाढदिवसाचे बोर्ड करणारे, जे पहिल्यांदा भज्यांसाठी आले आणि मग सवयीनं बसले. बसायला खाली सोलापुरी चादरी. मोराची नक्षी बुडाखाली घेऊन आम्ही समोरच्या भिंतीवर डेन्मार्कच्या खुर्च्या बघायचो आणि सुस्कारे सोडायचो. चादरीकडं कुणी बघितलं नाही. बघायला उठावं लागलं असतं.

संस्थापक पुण्याहून परत आलेला. येताना त्यानं एक नियम आणला होता. कट्ट्यावर 'नको' म्हणायचं नाही. कुणी काहीही मांडलं, तरी पुढच्यानं "छान, आणि..." म्हणून त्यात भर घालायची. नकार म्हणजे म्हणे कल्पनेचा खून. या नियमापायी आम्ही एकदा एका साध्या बसथांब्यावर इतकी भर घातली, की शेवटी त्यात ग्रंथालय होतं, कारंजं होतं, आणि बस थांबायला जागा नव्हती. टाळ्या मात्र कडकडून.

मग कट्ट्याला वर्ष झालं. बोर्ड लावायचं ठरलं.

"सोलापूरचे बोर्ड ओरडतात," संस्थापक डोळे मिटून म्हणाला. "आपला बोर्ड शांत असेल."

हा टोमणा मला होता, मी गिळला. आमच्या गावात बोर्ड म्हणजे काय, ते मी सांगतो. मधे वाढदिवसाचा मालक, डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन, पाठीमागं सिंह. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, शिवारातल्या ज्वारीच्या कणसांसारखी दाट. एकदा तर शुभेच्छुक इतके झाले, की मालकाला जागाच उरली नाही. त्याचा गॉगल तेवढा छापला. तोही खूश, गावही खूश. पण ते ओरडणं. यांना शांतता हवी.

"म्हणून फक्त माझा एक फोटो. ब्लॅक अँड व्हाइट," संस्थापक म्हणाला.

"छान, आणि नजर खाली असू दे," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "एक लय येईल."

"छान, आणि भोवती सगळं पांढरं," आर्किटेक्ट म्हणाला. "पांढऱ्याला श्वास घेऊ दे."

"छान, आणि मजकूर नकोच. नुसतं नाव. खाली रविवार, सकाळी दहा," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी पण काही कमी नाही. म्हणालो, "छान, आणि कोपऱ्यात एक फूल."

बाईंचे डोळे भरून आले. ते फूल माझं. बाकीचं श्रेय कुणाला द्यायचं ते द्या, फूल माझं.

आता, आमच्या गावात माणूस काळ्या-पांढऱ्यात चौकात कधी लागतो, हे नाक पुसता न येणारं पोरही सांगेल. पण अशी पोरं कट्ट्याला येत नाहीत. तिथं सगळे सुशिक्षित.

बोर्ड शनिवारी दुपारी चढला. संध्याकाळपर्यंत संस्थापकाच्या गल्लीत सामसूम. टीव्ही बंद. रोज गेटसमोर गाडी लावल्यावरून भांडणारा शेजारी आला आणि त्याचा दंड दाबून, एक शब्द न बोलता निघून गेला. पलीकडच्या काकूंनी पिठलं-भाकरीचा डबा पोरीच्या हाती पाठवला. पोरीनं तो पायरीवर ठेवला आणि धूम ठोकली. संस्थापकानं तो डबा चाटूनपुसून खाल्ला आणि मला फोन केला, "रिस्पॉन्स जबरदस्त आहे रे. लोक आतून हललेत."

त्याची आई त्या दिवशी बहिणीकडं होती. रविवारी सकाळी रिक्षातून परत येताना तिला चौकात वर मुलगा दिसला.

आणि त्याच सकाळी करकंबचे पाहुणे घर बघायला येणार होते. या लग्नाचं मला विशेष वाटायचं, ते का, सांगतो. त्याला मुली सांगून आल्या नाहीत असं नाही. पंढरपूरपासून अक्कलकोटपर्यंत ज्या ज्या घरात कांदेपोहे परततात, तिथं तो जाऊन आला होता. सगळीकडं एकच प्रश्न, तुम्ही नेमकं करता काय? आणि हा गडी तासभर उत्तर द्यायचा. पोहे गार, मुलगी गार, बोलणी गार. करकंबच्या मुलीनंही तेच विचारलं. याच्या तोंडून कसं कोण जाणे, "चित्रं काढतो" एवढंच निघालं. ती हसली. म्हणाली, "मग बरंय की." तिथून परतला तो वेगळाच माणूस. दुकानात येऊन माझ्या स्टुलावर बसला आणि पहिल्यांदाच एकही इंग्रजी शब्द न वापरता म्हणाला, "ही हो म्हणाली, तर मला बाकी काही नको."

मुलगी हो म्हणाली होती. घर तेवढं बघायचं राहिलं होतं, मग सुपारी.

तर चौक. मावशीची चप्पल माझ्या दिशेनं निघणार, एवढ्यात जीप आली. मी लांबूनच ओळखली. पुढच्या काचेला टिकल्यांचं तोरण, आत मुलीचा मामा, मामी, आणखी दोन बायका, मांडीवर पेढ्यांचा खोका. जीप बोर्डासमोर आली आणि तिचा वेग कमी होत होत ती थांबली. मामांनी वर बघितलं. मग खाली बघितलं. बोर्डाखाली पोराची आई, केस मोकळे, ऊर बडवत.

मामांनी टोपी काढली.

बायका उतरल्या त्या गळा काढतच. "काय झालं गं माझ्या बाई!" मामीनं मावशीला मिठी मारली. मावशी ओरडायला गेली, पण मामीच्या खांद्यात तोंड दाबलेलं, त्यामुळं निघाला तो हुंदका. मामा मला म्हणाले, "परवा तर चांगलं होतं की हो पोरगं. गोरंपान."

"मामा, तसं काही नाही. तो—"

"असू द्या. आमाला कळतंय समदं."

तेवढ्यात तो आला, गाद्या मांडून पाहुण्यांसाठी घराकडं निघालेला. कार्यक्रमाचा पांढराशुभ्र कुर्ता, कपाळाला बुक्का, हवेत उडणारे केस, आणि दुचाकी नवी इलेक्ट्रिकची, आवाज म्हणून नाही. थेट बोर्डाखाली येऊन, हात जोडून उभा. जीपमधल्या तिसऱ्या बाईनं जी किंकाळी फोडली, ती अक्कलकोटात ऐकू गेली आणि तिथल्या लोकांनी कानडीत विचारलं, काय झालं म्हणून.

आता इथं शहाणा माणूस काय करेल? हसेल, पाया पडेल, पाहुण्यांना घरी नेईल. यानं मामांना बोर्डाकडं तोंड करून उभं केलं आणि पांढऱ्या जागेचं महत्त्व समजावलं. जे नाही, तेच कसं बोलतं. मामा टोपी हातातच धरून ऐकत राहिले. मधेच एकदा त्यांनी हळूच त्याच्या कोपराला बोट लावून बघितलं.

मग सगळे घरी गेले. मावशीनं केस बांधले, साखरभात वाढला. पाहुण्यांनी घर बघितलं, गच्ची बघितली, पाण्याची टाकी बघितली. पण पाणी कुणी प्यालं नाही. पेढ्यांचा खोका जीपमधून उतरलाच नाही. मामा अगदी हळू आवाजात बोलत होते, आणि त्याच्याशी बोलताना त्याच्याकडं न बघता भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होते. जाताना "येतो" म्हणाले नाहीत. नुसते उठले आणि गेले. मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"येतो म्हणाले नाहीत रे," ती म्हणाली.

"विसरले असतील," मी म्हणालो.

कट्टा तिकडं आमच्याशिवाय दहाला झालाच. सगळ्यांनी बोर्डाचं कौतुक केलं. आर्किटेक्ट म्हणाला, चौकात आज भावनिक वातावरण होतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी होतो. बोर्ड उतरवून घडी घालून कोपऱ्यात ठेवलेला, घडीतून नेमकं माझं फूल बाहेर. दिवसभर त्यानं एकही कल्पना मांडली नव्हती. शेवटी त्यानंच करकंबला फोन लावला, आईला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. फोन मामांनी उचलला. याचा आवाज बारीक, शाळेतल्या पोरासारखा.

"मामा, पोचलात ना नीट? मग... काय ठरलं आपलं?"

पलीकडं बादली सरकल्याचा आवाज आला.

"व्हय, पोचलो," मामा म्हणाले. "समद्यांनी आंगोळ केली."