नवस मागे घ्यायला श्रीहरिकोट्याला

आमची लेक वैशू रॉकेट सोडणाऱ्यांच्यात कामाला. मागचं रॉकेट समुद्रात पडलं तेव्हापासून पोरीचा आवाजच बसला होता. यंदा फोनवर म्हणाली, "आई, हेही पडलं ना, तर नोकरी सोडून घरीच येते."

नवरात्रात वणीच्या देवीला मी नवस बोलले होते, पोरगी कायमची घरी येऊ दे, साडी नेसवीन. देवीने असं ऐकलं तर? ह्यांना म्हटलं, "तिकिटं काढा."

मनमाडहून सिकंदराबाद, तिथून श्रीहरिकोट्याजवळचं स्टेशन सुळ्ळुरुपेटा. रिझर्व्हेशन आधीच करा आणि दशम्या बांधून न्या, तिकडची चटणी आपल्याला झेपत नाही. मला तर दशमीही गिळवेना. हे मात्र निवांत. "अगं, ह्या उपग्रहाकडून वरून ढगांचे फोटो येतात. गारपीट आधी कळली तर आपल्याच शेतातले गुलाब वाचतील."

"पण वर टिकतो कसा तो उपग्रह?"

"वैशू सांगते, इतक्या जोरात आडवा ढकलतात की तो पडतच राहतो, फक्त पृथ्वीला चुकवून."

पडतच राहतो! मेलं, दुसरा शब्दच सापडला नाही यांना?

सुळ्ळुरुपेट्यात स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळतात. केंद्रात जायला पास लागतो, म्हणून आम्ही गावाबाहेर सरोवराच्या काठी गर्दीत उभे राहिलो. चहावाला म्हणाला, "अम्मा, पिछली बार भी यहीं से देखा. ऊपर गया, फिर टुकड़े-टुकड़े." माझा चहा सांडला. तेवढ्यात शेजारच्या रेडिओवर बातमी आली, उलटी मोजणी थांबवली.

मी ह्यांना नवसाचं सगळं सांगून टाकलं. आधी हसले. नंतर हळूच म्हणाले, "मग मागे घे की."

मी तिथेच पदर पसरला. "देवी, नको. तिला इथेच राहू दे."

बऱ्याच वेळाने मोजणी पुन्हा सुरू झाली. झाडांमागे उजेड फुटला आणि आवाज नंतर आला, थेट छातीत. मी डोळे गच्च मिटले. हे सांगत राहिले, "चाललंय गं... अजून चाललंय..."

वैशूचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "आई, बसला कक्षेत!"

आता ती दिवाळीलाही येणार नाही म्हणते. घरी परतल्यावर मी साडी घेऊन गडावर गेले. पुजारी म्हणाले, "नवस फळला वाटतं, ताई?"

"नाही," म्हटलं. "म्हणूनच आणली."